इन्व्हर्जन म्हणजे नक्की काय उलटतं? साखरेतलं आणि ऑरगॅनिकमधलं

पीयूसी_सेकंड_बेळगाव :
नमस्कार सगळ्यांना. मी सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं त्यामुळे काही इंग्लिश शब्द पाठ होतात पण डोक्यात बसत नाहीत. आत्ता असाच एक अडकलाय, इन्व्हर्जन. हॅलोअल्केनच्या धड्यात दिलंय की एसएन२ मध्ये (कार्बनवरचा एक गट निघतो आणि त्याच वेळी दुसरा बसतो ती रिअॅक्शन) इन्व्हर्जन ऑफ कॉन्फिगरेशन होतं, म्हणजे गटांची मांडणी उलटते, न्यूक्लिओफाइल म्हणजे नवीन येणारा गट मागून येतो आणि वाऱ्यात छत्री उलटते तसं कार्बनचं होतं. ते कळलं. पुढं बायोमॉलिक्यूल्समध्ये सुक्रोजचं हायड्रॉलिसिस झालं की इन्व्हर्ट शुगर मिळते म्हणतात. मग मी शोधूलाले की सुक्रोजमधला कुठला कार्बन छत्रीसारखा उलटला, तर तो कुठंच सापडेना. क्लासमध्ये विचारलं तर साइन बदलतं एवढंच लिहा म्हणाले. आणि घरी मामा आले होते, त्यांचा ऊस आहे चिकोडीकडं, ते बाबांना सांगत होते ऊस इन्व्हर्ट झाला, उतारा पडला, म्हणजे ऊसातनं साखर कमी निघाली. म्हणजे एकच शब्द तीन ठिकाणी. हे एकच आहे की वेगवेगळं? कुणीतरी नीट सांगा, परीक्षेपुरतं नको.

लॅबमधला_संकेश्वर :
बाळ, प्रश्न चांगला विचारलास. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्येच नोकरी केली, हा शब्द आमच्या रोजच्या तोंडातला, तर आधी साखरेचं सांगतो, छत्रीचं दुसरं कुणी सांगेल.

सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या साध्या साखरेच्या, पाण्यातून पोलराइज्ड (एकाच पातळीत थरथरणारा) प्रकाश सोडला की तो प्रकाश उजवीकडं वळतो. ह्याचा अभ्यास पहिल्यांदा फ्रान्सच्या बियोनं केला, १८१५ च्या सुमाराला. सुक्रोजचा आकडा +६६.५ अंश. आता त्यात थोडं ऍसिड घालून गरम करायचं, सुक्रोज पाणी घेऊन फुटतो आणि एक ग्लुकोज एक फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. ग्लुकोज +५२.७, तोसुद्धा उजवाच. पण फ्रुक्टोज −९२ च्या आसपास, म्हणजे डावा आणि तोही जोरात डावा. दोन्ही समसमान झाले की बेरीज करून निम्मं करायचं, साधारण −२० येतं. म्हणजे नळीत सुरुवातीला काटा उजवीकडं होता, हळूहळू शून्याकडं आला, शून्य ओलांडून डावीकडं गेला. हा जो काटा उलटला त्यालाच इन्व्हर्जन नाव पडलं आणि जे मिश्रण उरलं ती इन्व्हर्ट शुगर.

त्यामुळे कुठला कार्बन उलटला हे शोधून तुला सापडणार नाही. इथं कार्बन नाही, प्रकाशाच्या वळणाची दिशा उलटली. नाव ठेवलं त्या काळात कार्बनला चार हात असतात हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, रेणूचा आकार तर लांबच राहिला. त्यांच्याकडं पोलॅरीमीटर, म्हणजे हे वळण मोजायचं यंत्र होतं, त्यात जे दिसलं त्याचं नाव ठेवलं.

मामांचं म्हणणं बरोबर आहे, ते हेच साखरेतलं इन्व्हर्जन. त्यावर नंतर लिहितो, आत्ता बाहेर जायचंय.

टिळकवाडी_केमिस्ट्री :
वरचा प्रतिसाद अगदी नेमका आहे. मी डिग्री कॉलेजला ऑरगॅनिक शिकवायचो, आता निवृत्त. दुसरी बाजू मी सांगतो कारण ही गल्लत बीएस्सीच्या मुलांचीसुद्धा होते आणि पुस्तकं दोन्ही शब्द दोन धड्यांत ठेवून गप्प बसतात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

छत्रीवालं इन्व्हर्जन म्हणजे वाल्डेन इन्व्हर्जन. पाउल वाल्डेन, रीगाचा, १८९६. त्यानं घेतलं मॅलिक आम्ल, सफरचंदात असतं ते, डावं वळवणारं. त्यावर फॉस्फरस पेंटाक्लोराइड घातलं, ओएचच्या जागी क्लोरीन आला, क्लोरोसक्सिनिक आम्ल मिळालं, ते उजवं. इथवर विशेष काही नाही, कारण पदार्थच बदलला, चिन्ह बदललं तर बदललं. खरी गोष्ट पुढं आहे. त्या क्लोरोसक्सिनिक आम्लातला क्लोरीन काढून परत ओएच बसवायचा होता. कॉस्टिक पोटॅश वापरलं तर मूळचंच डावं मॅलिक आम्ल परत मिळालं. आणि ओलं सिल्व्हर ऑक्साइड वापरलं तर उजवं मॅलिक आम्ल मिळालं! तोच पदार्थ, तेच अणू, तेच बंध, पण आरशातला. निघालो एका हाताचा रेणू घेऊन आणि पोचलो दुसऱ्या हाताच्या रेणूपाशी. म्हणजे वाटेत कुठंतरी त्या कार्बनवरच्या चार गटांची मांडणी उलटली असलीच पाहिजे, ह्यातून सुटका नाही.

फरक लक्षात घे. वाल्डेनकडं सुरुवातीचा आणि शेवटचा पदार्थ एकच होता, म्हणून चिन्ह बदलण्याला अर्थ होता. सुक्रोजच्या बाबतीत सुरुवातीला एक पदार्थ आणि शेवटी भलतेच दोन. तिथल्या चिन्हावरून कार्बनच्या मांडणीबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही.

अजून एक उदाहरण देतो, हे वहीत लिहून ठेव. शरीरात तयार होणारं लॅक्टिक आम्ल हे एस (कार्बनवरच्या मांडणीला आर किंवा एस म्हणतात), आणि ते प्रकाश उजवीकडं वळवतं. त्याचं मेथिल एस्टर केलं की ते डावीकडं वळवतं. चिन्ह उलटलं. पण एस्टर करताना मधल्या कार्बनचा एकही बंध आपण तोडला नाही, तो होता तसाच आहे, एस चा एस. चिन्ह उलटलं, कॉन्फिगरेशन नाही. म्हणून कुणीही इन्व्हर्जन म्हटलं की आधी विचारायचं, काय उलटलं? चिन्ह की मांडणी?

निपाणी_ऊसतंबाखू :
मास्तर तुमचं ते कार्बनचं डोक्यावरनं गेलं पण लॅबवाल्या काकांचं कळालं. माझा साधा प्रश्न हाय. तोडणी झाली, टोळीनं मोळ्या बांधल्या, ट्रॅक्टर यायला उशीर, मग कारखान्याच्या गव्हाणीसमोर लाइनीत उभा, दीस दीस जातोय. वजन घटतंय ते वाळून घटतंय हे आम्हाला कळतंय. पण उतारा पडतोय तो ह्या इन्व्हर्जनमुळं का? ऊसात कोण ऍसिड घालायला गेलंय?

लॅबमधला_संकेश्वर :
दादा, ऍसिड घालायला लागत नाही, ऊसाच्या पोटातच आहे. रसाचा पीएच ५ ते साडेपाच, म्हणजे आधीच आंबट बाजूला. आणि दुसरं, ऊसात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं. ऊस वाढीला असतो तेव्हा त्याला साखर फोडून कांड्या वाढवायला ते लागतंच. ऊस पिकला की ते कमी होतं, म्हणून पक्क्या ऊसात सुक्रोज साठतो. पण तोडला की ऊसाचा हिशेब फिरतो, मुळाकडनं पाणी बंद, वरनं ऊन, आणि इन्व्हर्टेज परत कामाला लागतं. मार्च एप्रिलच्या उन्हात हे डिसेंबरपेक्षा कितीतरी वेगानं होतं. ८६०३२ जात असो नाहीतर दुसरी कुठली, कुठलाही ऊस त्यातनं सुटत नाही, कमीजास्त एवढंच.

मग नुकसान कसं होतं ते बघा की. सुक्रोज फुटून ग्लुकोज फ्रुक्टोज झाला म्हणजे गोडी गेली नाही, चाखून बघितलं तर रस गोडच लागेल. पण पॅनमध्ये दाणा धरतो तो सुक्रोज. ग्लुकोज फ्रुक्टोज दाण्यात येत नाहीत, ते सगळं मळीबरोबर, म्हणजे मोलॅसिसबरोबर जातं. म्हणून ऊस तेवढाच गाळला आणि पोती कमी निघाली असं होतं.

आता एक बारीक गोष्ट, कारखान्याच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी हमखास विचारायचो. आम्ही पोल काढतो, म्हणजे पोलॅरीमीटरवर साखरेचा आकडा बघतो, तो कसा, २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलीमध्ये विरघळवून २०० मिलिमीटर नळीत बघितली की १०० दिसलं पाहिजे, ती आमची पट्टी. तीच साखर पूर्ण इन्व्हर्ट केली तर ० दिसत नाही, उणे ३२ च्या जवळ दिसतं. म्हणजे १०० वरनं शून्यावर नाही, पार १३२ नं खाली. ह्याचा अर्थ असा की रसात थोडं इन्व्हर्जन झालं की प्रत्यक्षात जेवढा सुक्रोज गेला त्याच्या सव्वा ते दीडपटीच्या मध्ये कुठंतरी पोल पडलेला दिसतो, कारण एक तर उजवा गेला आणि वर डावा आला. ह्याच १३२ च्या फरकावर क्लर्जेची जुनी पद्धत उभी आहे, आधी पोल बघायचा, मग इन्व्हर्ट करून परत बघायचा, दोन्हींतल्या फरकावरनं खरा सुक्रोज काढायचा.

निपाणी_ऊसतंबाखू :
म्हणजे पोल दाखवतोय त्यापेक्षा साखर थोडी जास्तच असती म्हणा की!

लॅबमधला_संकेश्वर :
इन्व्हर्जनपुरतं होय. पण शिळ्या ऊसात दुसरा एक उलटा घोळ असतो. तुटलेल्या टोकातनं ल्युकोनोस्टॉक म्हणून जंतू शिरतात, ते सुक्रोज खाऊन डेक्स्ट्रान तयार करतात, चिकट बुळबुळीत. जळका ऊस असेल तर जास्तच. हे डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजच्या तिप्पट उजवीकडं वळवतं. मग पोल खोटा वाढलेला दिसतो, आणि साखर काढायला गेलं की पाक दाट, गाळणी तुंबलेली, दाणा लांबट सुईसारखा. म्हणून ताजा ऊस आणि शिळा ऊस नुसत्या पोलवर तोलू नये असं माझं ठाम मत आहे.

खानापूर_गुऱ्हाळ :
आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं, आता हंगामात थोडंच चालवतो. ह्या शब्दाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं पण गोष्ट माहीत आहे. रस काढून टाकीत जास्त वेळ राहिला, काहिलीत घ्यायला उशीर झाला की त्या आधणाची ढेप नीट बांधत नाही. गुळव्या कितीही तयारीचा असू दे, साच्यातनं काढली की बसते, पावसाळ्यात पाघळते, हाताला चिकटते. आणि रवा धरत नाही. आजा म्हणायचा रस तुटला. चुन्याची निवळी घालतात ती ह्याच्यासाठीच का? भेंडीचं पाणी मळी (वर येणारा गाळ) काढायला घालतात ते माहीत आहे, पण चुन्याचं आम्ही फक्त रंगासाठी म्हणून ऐकत आलो.

लॅबमधला_संकेश्वर :
चुन्याची दोन कामं. रसातली आम्लं मारायची, म्हणजे उकळताना इन्व्हर्जन कमी व्हावं, हे पहिलं आणि मोठं. आम्ल अधिक उष्णता म्हटलं की इन्व्हर्जन धावतंच, आणि काहिलीत तर गूळ उतरवायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो. दुसरं, चुन्यामुळं गाळ धरून मळी वर येते. कारखान्यात आम्ही चुना आणि गंधकाचा धूर दोन्ही वापरून रस ७ पीएचच्या आसपास आणतो.

पण हात सैल सोडला तर उलटं होतं. चुना जास्त झाला की तयार असलेला ग्लुकोज फ्रुक्टोज अल्कलीत मोडतो आणि गूळ काळपट पडतो. म्हणून जुने गुळवे निवळी बेतानं घालायचे. तुमच्या आजोबांचा तुटला हा शब्द मला फार बरोबर वाटतो, सुक्रोज खरंच मधनं तुटलेलाच असतो.

शहापूर_स्वयंपाक :
मध्येच बोलते, राग मानू नका. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात, नाहीतर पाकाला साखर धरते. माझ्या सासूबाई चिरोट्याच्या पाकातही दोन थेंब टाकायच्या. हे तेच का? आणि मध का बरं पातळ राहतो इतका?

टिळकवाडी_केमिस्ट्री :
राग कसला ताई, हे शंभर टक्के तेच. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि शेगडीची उष्णता, पाकातला थोडा सुक्रोज फुटतो आणि जो ग्लुकोज फ्रुक्टोज तयार होतो तो उरलेल्या सुक्रोजला दाणा धरू देत नाही. बेकरीवाले आणि चॉकलेटवाले तर तयार इन्व्हर्ट सिरप विकतच घेतात, मऊपणा टिकावा म्हणून. मधमाशी फुलातला सुक्रोज इन्व्हर्टेजनं फोडते, त्यामुळे मध म्हणजे बराचसा इन्व्हर्ट शुगरच. ज्या मधात फ्रुक्टोजच्या मानानं ग्लुकोज जास्त तो थंडीत लवकर थिजतो, कारण ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतो. थिजला म्हणजे भेसळ असं लोक समजतात, तसं नसतं.

फक्त लिंबू पाक उकळत असताना घाला. उतरवून गार झाल्यावर पिळलं तर चव येईल, सुक्रोज फुटणार नाही म्हणण्याइतका हळू फुटेल.

धारवाड_एमएस्सी :
सर मांडणी छान केलीय पण एक अडचण. फ्रुक्टोजला आपण डी-फ्रुक्टोज लिहितो. डी म्हणजे डेक्स्ट्रो, उजवा. मग वर तो −९२ कसा काय लिहिलाय? इन्व्हर्ट झाल्यावर डी चा एल होतो असं म्हणायचंय का?

टिळकवाडी_केमिस्ट्री :
नाही, आणि बरं झालं इथंच विचारलंत कारण ह्या गल्लतीनं कितीतरी उत्तरपत्रिका बिघडलेल्या मी तपासल्या. मोठ्या अक्षरातला डी आणि एल हा मांडणीचा, ग्लिसराल्डिहाइडशी तुलना करून ठरवलेला. शेवटून दुसऱ्या कार्बनवरचा ओएच फिशर प्रोजेक्शनमध्ये उजवीकडं असेल तर डी, एवढंच. प्रकाश कुठं वळतो ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. वळणासाठी अधिक उणे लिहायचं, जुन्या पुस्तकांत त्यालाच लहान डी आणि लहान एल असायचं, तिथं घोटाळा सुरू झाला. म्हणून फ्रुक्टोज हा डी आणि तरीही उणे. लेव्ह्युलोज हे त्याचं जुनं नाव डाव्या वळणावरूनच पडलं, तसंच ग्लुकोजचं डेक्स्ट्रोज उजव्या वळणावरून. औषधाच्या दुकानात आजही सलाइनच्या बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं, ते तेच.

सुक्रोजमधला फ्रुक्टोज डी, बाहेर आलेला फ्रुक्टोजही डी. आत असताना आणि बाहेर आल्यावर त्याच्या कुठल्याही हाताची अदलाबदल होत नाही, अपवाद असलाच तर ज्या कार्बनवरचा बंध तुटतो तो ऍनोमेरिक कार्बन. त्याचं वेगळं आहे.

पीयूसी_सेकंड_बेळगाव :
सर हेच विचारणार होते! तुटतो तो बंध तर ऍनोमेरिक कार्बनवरच आहे ना, दोन्हीकडून. मग तिथं तरी छत्रीवालं इन्व्हर्जन होतं का? म्हणजे साखरेच्या इन्व्हर्जनच्या आत खरंखुरं इन्व्हर्जन लपलंय का?

टिळकवाडी_केमिस्ट्री :
वा. सेकंड पीयूसीला हा प्रश्न पडला ह्याचा मला मनापासून आनंद झाला. सावकाश वाच.

ऍसिडनं फोडलं तर बंध तुटून ऍनोमेरिक कार्बनवर धन भार येतो, तो कार्बन सपाट होतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. म्हणजे ना धड उलटणं ना धड टिकणं. शिवाय बाहेर पडल्यावर ग्लुकोज पाण्यात स्वतःहूनच अल्फा बीटा ह्या आपल्या दोन रूपांत अदलाबदल करत राहतो. अल्फा +११२, बीटा +१८.७, आणि स्थिरावलं की ५२.७. ह्याला म्युटारोटेशन म्हणतात, हा आणखी एक शब्द जो मुलं इन्व्हर्जनमध्ये मिसळतात. म्युटारोटेशनमध्ये वळण बदलतं पण ग्लुकोजचं चिन्ह अधिकच राहतं.

आता एन्झाइमचं. इन्व्हर्टेज फ्रुक्टोजच्या बाजूचा बंध तोडतं. ते करताना आधी एन्झाइमचा स्वतःचा एक गट मागून येऊन फ्रुक्टोजच्या ऍनोमेरिक कार्बनला धरतो, ग्लुकोज सुटतो, तिथं मांडणी एकदा उलटली. मग पाणी येतं, तेही मागून, एन्झाइमला हाकलतं, मांडणी परत उलटली. दोनदा उलटलं म्हणजे होतं तसंच. अशी दोन पायऱ्यांची कल्पना कॉशलंडनं १९५३ साली मांडली आणि साखरेचे बंध तोडणाऱ्या एन्झाइमांचे तेव्हापासून दोन गट करतात, मांडणी उलटवणारे आणि मांडणी राखणारे. इन्व्हर्टेज कुठल्या गटात? राखणाऱ्या. म्हणजे जेव्हा एखादा एन्झाइमवाला माणूस इन्व्हर्टिंग एन्झाइम म्हणतो तेव्हा त्याच्या यादीत इन्व्हर्टेज नसतं, आणि ह्यात काहीही चूक नाही, कारण इन्व्हर्टेज हे नाव पोलॅरीमीटरवरून पडलंय आणि तो गट कार्बनवरून पाडलाय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणशील तर होय, आत लपलंय, पण दोनदा, म्हणून बाहेर दिसत नाही.

आणि सुटलेला ग्लुकोज सुरुवातीला अल्फाच असतो, +११२ वाला. त्यामुळे एन्झाइमनं इन्व्हर्जन चालू असताना पोलॅरीमीटरमधला काटा खऱ्या प्रमाणापेक्षा मागं राहतो. मिखाएलिस आणि मेंटेन ह्यांनी १९१३ मध्ये इन्व्हर्टेजवरच काम करून त्यांचं प्रसिद्ध समीकरण काढलं, त्यांनी ही गोष्ट हेरून अल्कली घातली, म्हणजे एन्झाइमही थांबलं आणि म्युटारोटेशनही झटकन पुरं झालं, मग वाचन घेतलं. रसायनात वेग मोजायची सुरुवातसुद्धा ह्याच साखरेच्या इन्व्हर्जनवर झाली, १८५० मध्ये विल्हेल्मीनं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात इतके साखर कारखाने, गणेशपूर रोडला शुगर इन्स्टिट्यूट, आणि आपली मुलं हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून वाचतात. रसाचा ग्लास समोर ठेवून शिकवायला पाहिजे हे.

धारवाड_एमएस्सी :
डी चं कळलं सर, धन्यवाद. छत्रीवाल्यातच अजून एक. वाल्डेनला कुठल्या पायरीला उलटलं हे चिन्हावरून कळणार नव्हतं, मग एसएन२ मध्ये दर वेळी उलटतंच हे ठरवलं कसं?

टिळकवाडी_केमिस्ट्री :
ह्यूज आणि त्याच्या सोबत्यांचा १९३५ चा प्रयोग. मला तो ऑरगॅनिकमधल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी वाटतो. एका हाताचं २-आयोडोऑक्टेन घेतलं आणि त्यात किरणोत्सारी आयोडाइड सोडलं. आयोडीनच जातो आणि आयोडीनच येतो, म्हणजे पदार्थ तोच राहतो, चिन्हाचा घोटाळा मुळातच संपला. मग दोन वेग मोजले, किरणोत्सारी आयोडीन किती वेगानं रेणूत शिरतो आणि वळण किती वेगानं कमी होतं. वळण कमी व्हायचा वेग बरोबर दुप्पट आला. का दुप्पट? शंभर उजव्या रेणूंतला एक उलटला की ९९ उजवे, १ डावा. तो एक डावा दुसऱ्या एका उजव्याचं वळण खाऊन टाकतो, उरलं ९८ चं वळण. एक अदलाबदल, दोनाचं नुकसान. दुप्पट येणं म्हणजे प्रत्येक अदलाबदलीला उलटणं, एकही सुटलेला नाही.

आणि बघा, लॅबवाले म्हणाले तसं साखरेतही पोल खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त पडतो, इथंही वळण अदलाबदलीपेक्षा जास्त पडतं. कारणं वेगळी, पण दोन्हीकडं हिशेब डाव्यानं उजव्याला खाण्याचाच.

पीयूसी_सेकंड_बेळगाव :
सर हा ९८ चा हिशेब आमच्या पुस्तकात का नाही! एक शेवटचं, नेटवर नायट्रोजन इन्व्हर्जन असंही दिसलं. ते चौथं का?

टिळकवाडी_केमिस्ट्री :
ते मांडणीचंच भावंड, पण बंध न तोडता. अमोनियात नायट्रोजन वर आणि तीन हायड्रोजन खाली असा बसका डेरा असतो, तो डेरा आपोआप आतबाहेर होत राहतो, सेकंदाला साधारण २,४०० कोटी वेळा. म्हणून नायट्रोजनवर तीन वेगवेगळे गट असलेली साधी अमाइन्स डावी उजवी वेगळी करता येत नाहीत, वेगळी करेपर्यंत उलटलेली असतात. चौथा गट बसवून क्वाटर्नरी केलं की हे थांबतं. पीयूसीला लागणार नाही, पण माहीत असू दे. आणि परीक्षेत नुसतं इन्व्हर्जन कधी लिहू नको. एसएन२ असेल तर इन्व्हर्जन ऑफ कॉन्फिगरेशन पूर्ण लिही, सुक्रोज असेल तर वळणाचं चिन्ह अधिकचं उणे झालं असं लिहून आकडे दे. अर्धा मार्कसुद्धा कुणी कापू शकणार नाही.

निपाणी_ऊसतंबाखू :
परत माझ्याकडं या जरा. आमच्या गटात एकानं हातात धरायचं ब्रिक्स बघायचं यंत्र आणलंय, दुर्बिणीगत डोळ्याला लावून बघायचं. तोडून ठेवलेल्या ऊसाचा रस लावला तर ब्रिक्स ताज्यापेक्षा वाढलेला दिसायलाय. ते म्हणतेत ऊस ठेवला तर साखर वाढती. तुम्ही म्हणतायसा कमी होती. खरं काय धरायचं?

लॅबमधला_संकेश्वर :
दादा, यंत्र खोटं बोलत नाही पण ते साखर मोजतच नाही. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती. ऊस वाळला, पाणी उडालं, रस दाट झाला, ब्रिक्स वाढला. त्यात इन्व्हर्जन झालं तर आणखी थोडा वाढतो, कारण सुक्रोज फुटताना पाण्याचा रेणू आत घेतो, १०० किलो सुक्रोजचे १०५ किलो ग्लुकोज फ्रुक्टोज होतात. म्हणजे नुकसान होतंय आणि यंत्रात आकडा चढतोय. उभ्या पिकाची पक्वता बघायला, तोडणी कधी धरायची ते ठरवायला ते यंत्र उत्तम आहे, शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळ जवळ आला की ऊस पक्का. तोडलेल्या ऊसाला ते लावू नका.

तोडलेल्या ऊसाचं बघायचं तर ब्रिक्सबरोबर पोल बघायचा आणि प्युरिटी काढायची, पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर. प्युरिटी पडली म्हणजे सुक्रोज गेला. आणि त्याहून सरळ म्हणजे रिड्यूसिंग शुगर, आमच्याकडं आरएस म्हणतात, फेलिंगच्या निळ्या द्रावणावर टायट्रेशन करून. सुक्रोज फेलिंगला हात लावत नाही, ग्लुकोज फ्रुक्टोज लगेच तांबूस साका पाडतात. आरएस चढला की इन्व्हर्जन झालंच म्हणून समजा.

निपाणी_ऊसतंबाखू :
मग एकाच फडातला ताजा आन तीन दिसाचा असा दोन्ही रस बाटलीत भरून आणला तर बघून द्याल काय? गटातल्या समद्यांना दाखवायचं हाय.

लॅबमधला_संकेश्वर :
मी आता नोकरीत नाही, पण ओळखीनं बघू. रस मात्र बाटलीत भरून आणू नका, बाटलीतसुद्धा ते चालूच राहतं आणि इथं येईपर्यंत ताजाही शिळ्यासारखा दिसेल. ऊसच आणा, दोन्ही वेगळे बांधून, वाढं काढलेला, जळका घेऊ नका. एका ठिकाणचा ऊस नको, पाच सहा जागची उभी कांडी घ्या, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अख्खी. सकाळी आलात तर रस इथंच काढू आणि लगेच टायट्रेशनला घेऊ. त्या मुलीलाही यायचं असेल तर घरच्यांबरोबर येऊ दे, काटा शून्याच्या पलीकडं जाताना प्रत्यक्ष बघायला मिळेल.

पीयूसी_सेकंड_बेळगाव :
येते काका! मामांना आजच सांगते, ते निपाणीवाल्या दादांबरोबर ऊस घेऊन येतील आणि मी बाबांबरोबर येते. लिंबू आणू का ऍसिड म्हणून?

लॅबमधला_संकेश्वर :
लिंबानं वेळ लागेल, आपण हायड्रोक्लोरिक वापरू, ६० अंशाच्या पाण्यात नळी धरली की थोड्या वेळात पुरं होतं. पण लिंबू आण, एका नळीत तेही लावून ठेवू.